चालताना, पळताना, पोहताना गाणी: फोन नको, मग प्लेअर कुठला?

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, पण गाभा एकच. "व्यायामाला जाताना फोन न्यायचा नाहीये, पण गाणी हवीत. काय घेऊ?" पूर्वी मी याचं उत्तर दोन वाक्यांत द्यायचो. कुठलाही क्लिपवाला छोटा प्लेअर घ्या, आणि पळा. विषय संपला.

मग मागच्या वर्षी आईची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की आठवड्यातून किमान पाच दिवस चालायचं, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत न्यायचं. पहिले दोन आठवडे मी बरोबर जायचो. नंतर ती एकटी जायला लागली आणि महिन्याभराने लक्षात आलं की ती "चालायला" जाते खरी, पण अर्धा वेळ बागेतल्या बाकावर असते. का? तर फोन. गाणी लावायला फोन नेला की त्यावर मावशीचा व्हिडिओ कॉल येतो, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण चालू असतं, कुणीतरी वाढदिवसाचा फोटो टाकलेला असतो. गाणं मध्येच बंद पडतं, चश्मा काढायचा, फोन उघडायचा, आणि त्यासाठी थांबायचं. मी म्हटलं, "आई, फोन घरी ठेव ना." तर म्हणाली, "अरे, आणि मला रस्त्यात काही झालं तर?" मुद्दा बिनतोड होता.

तेव्हा मी हा विषय पहिल्यांदा नीट बघितला. आणि कळलं की ज्याला मी दोन वाक्यांचं उत्तर समजत होतो, त्यात बरंच काही आहे. तेच आज सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ, कारण आजची यंत्रं अशी का आहेत ते त्यातून कळतं. सोनीचा पहिला वॉकमन जुलै १९७९ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला. चालता चालता स्वतःपुरतं संगीत ऐकायची सवय लोकांना खऱ्या अर्थाने तिथून लागली. पण वॉकमन घेऊन पळून बघितलंय का कुणी? मी बघितलंय. पट्ट्याला लावलेला वॉकमन उडायला लागला की टेपचा वेग किंचित मागेपुढे व्हायचा आणि गायकाचा सूर हलायचा. डिस्कमनची गत त्याहून वाईट. लेझरला चकतीवरच्या बारीक रेषेवर नेम धरून राहायचं असतं, आणि तुमची पावलं त्याला दर सेकंदाला दोन-तीनदा धक्के देतात. म्हणून मग त्यात काही सेकंदांचं संगीत आधीच वाचून साठवून ठेवायची सोय आली. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या आयपॉडमध्येही ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती, आणि तिथेही हीच युक्ती होती: गाणी मेमरीत आधी ओढून घ्यायची, म्हणजे धक्का बसला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही.

खरा प्रश्न सुटला तो फ्लॅश मेमरीने. तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नाहीच. जानेवारी २००५ मध्ये आयपॉड शफल आला. त्याला पडदाच नव्हता आणि आकार च्युइंगगमच्या पाकिटाएवढा. पुढच्या वर्षी त्याची शर्टाला चिमट्यासारखी लावायची आवृत्ती आली, वजन जेमतेम १५ ग्रॅम. माझ्या मते व्यायामासाठी याहून चांगलं यंत्र नंतर फारसं झालं नाही. पण शफल आणि नॅनो २०१७ मध्ये बंद झाले आणि शेवटचा आयपॉड मे २०२२ मध्ये. आता कुणी जुना शफल विकत देत असेल तर मोह आवरा. बॅटरी म्हातारी झालेली असते, ती बदलणं कटकटीचं, आणि गाणी भरायला आयट्यून्स लागतं. नुसती फाइल ओढून टाकली तर वाजत नाही.

म्हणजे चांगल्या कंपन्यांनी मैदान बरंचसं मोकळं सोडलं. ऑनलाइन दुकानात "एमपी३ प्लेअर" टाकलं तर आता नाव-गाव नसलेली शेकडो यंत्रं येतात. माझी पहिली चूक तिथेच झाली.

मी आईसाठी असाच एक छोटा क्लिपचा प्लेअर मागवला. स्वस्त, देखणा, लाल रंगाचा. त्यात तिच्या आवडीची दोनशे गाणी भरली. दुसऱ्या दिवशी ती परत आली ती वैतागूनच. एक तर गाण्यांचा क्रम भलताच. मी छान भूपाळ्या, मग अभंग, मग भावगीतं असं लावून दिलं होतं, आणि याने सुरुवातच भैरवीने केली. दुसरं म्हणजे बंद करून चालू केलं की पुन्हा पहिल्या गाण्यापासून. तिसरं, पडद्यावर गाण्यांच्या नावांऐवजी नुसते चौकोन.

या तिन्हीची कारणं समजून घ्या, कारण दुकानाच्या पानावर ती लिहिलेली नसतात. स्वस्त प्लेअर गाणी नावाप्रमाणे लावत नाहीत. ज्या क्रमाने फाइली मेमरीत लिहिल्या गेल्या, त्या क्रमाने वाजवतात. सगळ्या एकदम कॉपी केल्या की संगणक त्या आपल्या सोयीने लिहितो. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे: मेमरी पूर्ण रिकामी करायची आणि गाणी हव्या त्या क्रमाने एकेक टाकायची. नावाआधी ००१, ००२ असे आकडे दिले तर नावाप्रमाणे लावणाऱ्या प्लेअरवरही तोच क्रम राहतो. चौकोन दिसतात कारण त्यात देवनागरीचा फॉन्टच नसतो. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवायची. आणि कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवणं ही यंत्राची स्वतंत्र सोय असते. घेण्याआधी विचारा, कारण पॉडकास्ट किंवा पुस्तक ऐकणाऱ्याला तिच्याशिवाय चालतच नाही. पाऊण तासाच्या भागात पुढे पुढे ढकलत आपली जागा शोधायची, तीही घामट बोटांनी!

घामट बोटांचंच बोलू. फोनचा किंवा महागड्या प्लेअरचा टचस्क्रीन बोटाच्या विद्युतभारावर चालतो. त्यावर घामाचा थेंब पडला की त्यालाही ते बोट वाटतं. गाणं बदलायला जावं तर आवाज वाढतो. म्हणून व्यायामाच्या यंत्राला खरी, दाबली की कळणारी बटणं हवीत. न बघता, खिशातच चाचपून आवाज कमी करता आला पाहिजे. आणि बटणं लॉक करायची सोय हवी, नाहीतर बस्की मारताना मांडीच गाणी बदलत बसते.

आता घाम आणि पाणी. खोक्यावर आयपीएक्स४, आयपीएक्स७ असं काहीतरी असतं. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे आले तरी चालेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून बघितलंय. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते बनवणारा सांगतो. यात एक मेख आहे. या चाचण्या साध्या पाण्यात होतात. घामात मीठ असतं, आणि मीठ सोन्याचा मुलामा दिलेल्या चार्जिंगच्या पिनासुद्धा हळूहळू खातं. माझे दोन इअरफोन पाण्याने नाही गेले, घामाने गेले. पळून आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, कोरडे होऊ द्या, आणि मगच चार्जरला लावा. ओल्या पिनेतून वीज गेली की गंज फार लवकर चढतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पळायचं तर प्लेअर झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचा, यात कमीपणा काही नाही.

पोहणाऱ्यांसाठी गोष्ट पूर्ण वेगळी. "ब्लूटूथ वॉटरप्रूफ इअरबड्स घेतले, पण तलावात गाणं बंद पडतं" अशी तक्रार तुमच्यापैकी काहींनी केलीय. त्यात इअरबड्सचा दोष नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि पाणी त्या लहरी शोषून घेतं. डोकं पाण्याखाली गेलं की काठावरच्या फोनशी संबंध तुटला. म्हणून पोहताना गाणी कानावरच्या यंत्रातच साठवलेली पाहिजेत. सोनीच्या वॉकमनमधला एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ असाच आहे: ४ जीबी मेमरी, एका चार्जवर साधारण १२ तास, आणि खाऱ्या पाण्यातही दोन मीटरपर्यंत चालेल असं कंपनी सांगते. शॉक्झचं ओपनस्विम कानात न जाता गालाच्या हाडावर बसतं आणि हाडातून आवाज पोचवतं. त्यातही ४ जीबी. पाण्यात कानात बोळे घालून हाडातून ऐकलेलं गाणं आश्चर्य वाटावं इतकं स्पष्ट येतं. दोन्ही स्वस्त नाहीत, आणि तुम्ही पोहत नसाल तर त्यांची गरजही नाही.

४ जीबी ऐकून नाक मुरडू नका. हिशेब करू. एमपी३ फाइल १२८ केबीपीएसची असेल तर एका मिनिटाला साधारण १ एमबी. पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी. म्हणजे ४ जीबीत आठशे गाणी, पासष्ट तासांच्या आसपास. ३२० केबीपीएसचा आग्रह धरलात तर अडीचपट जागा जाईल, पण धापा टाकताना, रस्त्याच्या आवाजात, तो फरक कुणाला ऐकू येतो सांगा मला. उलट "१२८ जीबी" लिहिलेलं स्वस्त मेमरी कार्ड बघितलं की सावध व्हा. अशी बरीच कार्डं खोटी असतात. आतली जागा थोडीच, पण संगणकाला ती मोठी असल्याचं सांगतात. पूर्ण भरून शेवटची गाणी वाजवून बघा, तेव्हाच कळतं. शिवाय ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं ज्या पद्धतीने मांडलेली येतात, ती साध्या प्लेअरना वाचताच येत नाही. ३२ किंवा त्याहून लहान घ्या, पुष्कळ झालं.

आणखी एक गैरसमज. "ॲपवर गाणी डाउनलोड केलीत, ती प्लेअरवर टाकू का?" नाही होणार. ते डाउनलोड त्या ॲपच्या कुलपातच असतं. प्लेअरला तुमच्या मालकीच्या फाइली लागतात: विकत घेतलेल्या, स्वतःच्या सीडीवरून काढलेल्या, किंवा मोफत मिळणारे पॉडकास्ट. व्हॉट्सॲपवर आलेल्या आवाजाच्या फाइलीही बहुतेक स्वस्त प्लेअर वाजवत नाहीत, त्यांचा प्रकार वेगळा असतो. एमपी३ करून घ्यावी लागते.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय तो भाग. कान.

आपण रस्त्यावर पळतो-चालतो. आपल्याकडे पदपथ म्हणजे कधी आहे, कधी नाही, आणि जिथे आहे तिथे दुचाक्या लावलेल्या. एकदा टेकडीवरून उतरून रस्त्याला लागलो होतो, दोन्ही कानांत घट्ट बसणारे इअरफोन, आणि उलट्या दिशेने आलेली मोटरसायकल माझ्या कोपराला घासून गेली. हॉर्न वाजवला होता म्हणे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. कोपर खरचटलं, एवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून रस्त्यावर कान बंद करणारं काही घालत नाही.

कान घट्ट बंद केले की आणखी एक गंमत होते. स्वतःची पावलं आतून धप धप ऐकू येतात. हाडांतून येणारा खर्जातला आवाज एरवी कानाच्या तोंडातून बाहेर निघून जातो, बूच लावलं की तो आतच कोंडतो. त्यात वायर टी-शर्टला घासली की तीही खरखर करते. वायर शर्टाच्या आतून घेऊन गळ्याशी चिमटा लावला की बरंचसं थांबतं.

दुसऱ्या बाजूने, कान उघडे ठेवले की रहदारीच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. म्हणजे दोन कळा जास्त दाबणं हे वाटतं तितकं किरकोळ नाही. माझी पद्धत अशी: घरात शांततेत आवाज ठरवायचा आणि रस्त्यावर तो वाढवायचा नाही. बस गेली, गाण्याचं कडवं बुडालं, बुडू दे. बागेत किंवा ट्रॅकवर दोन्ही कान, रस्त्यावर एकच, तोही रहदारीच्या उलट बाजूचा.

एका कानाने ऐकताना स्टीरिओ गाण्यातली अर्धी वाद्यं गायब होतात, म्हणून प्लेअरमध्ये दोन्ही बाजू एकत्र करायची मोनोची सोय असेल तर उत्तम. आईच्या बाबतीत हा प्रश्न आलाच नाही. तिची बहुतेक गाणी इतकी जुनी आहेत की मुळातच मोनो आहेत. एका कानात ती पूर्णच्या पूर्ण ऐकू येतात.

गाणी कुठली, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण लयीचा थोडा विचार करावा. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मध्यम जोराच्या व्यायामात संगीतामुळे श्रम कमी जाणवतात. अगदी जोर लावल्यावर मात्र शरीराच्या तक्रारीपुढे गाण्याचं काही चालत नाही. इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला दोन हजार मीटरचा इनडोअर विक्रम करताना स्टेडियममध्ये 'स्कॅटमन' लावून पळाला होता, कारण त्याची लय त्याच्या पावलांना जुळायची. आपल्याकडे वारीतल्या दिंडीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. टाळांवर पावलं पडत आळंदीहून पंढरपूर येतं.

मिनिटाला शंभर पावलं म्हणजे मोठ्या माणसासाठी साधारण मध्यम व्यायाम धरतात. मी आईला सुरुवातीला उत्साहात त्याहून जलद गाणी दिली, आणि तीही त्यामागे धावायला लागली. चूक माझी. हृदयाच्या औषधांवर असलेल्या माणसाने गाण्याच्या मागे लागायचं नाही. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे माप. नसेल तर गाणं काहीही म्हणो, वेग कमी.

मग शेवटी घेतलं काय? लाल प्लेअर खणात गेला. जुना स्मार्टफोन सिम काढून वापरायचा विचार केला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी आजही तेच सुचवेन, एक पैसा खर्च न करता काम होतं. पण तो जवळपास दोनशे ग्रॅमचा, टचस्क्रीनचा, आणि आईच्या "काही झालं तर?" याला त्यात उत्तर नव्हतं. घड्याळात गाणी साठवून ब्लूटूथवर ऐकता येतात, पण रोज चार्ज करायचं आणखी एक यंत्र तिला नको होतं. सारेगमच्या कारवाँचा खिशात मावणारा प्रकारही बघितला. गाणी आधीच भरलेली मिळतात हे खरं, पण क्रम आपल्या हातात नाही, आणि कॉल करता येत नाही.

उत्तर कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात होतं. कीपॅडचा साधा फोन. त्यात मेमरी कार्ड बसतं, एमपी३ वाजतं, खरी बटणं आहेत, इअरफोनचं गोल भोक आहे, बॅटरी दिवसेंदिवस टिकते. एफएम आहे, आणि इअरफोनची वायरच त्याचा अँटेना होते, म्हणून विविध भारतीही लागते. व्हिडिओ कॉल नाही, ग्रुप नाही. वेगळं सिम घातलं, नंबर फक्त मला आणि बहिणीला माहीत. १ दाबून धरलं की मला कॉल, २ दाबून धरलं की तिला.

आणि गाणी? मी ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणी जोडून चाळीस मिनिटांच्या सलग फाइली केल्या, वाराप्रमाणे एकेक. पहिली पाच-सहा मिनिटं संथ, मग भीमसेनजींचे अभंग, जे आपले आपणच लय वाढवत नेतात, आणि शेवटची पाच मिनिटं पुन्हा संथ. प्रत्येक वेळी सुरुवातीपासून वाजतं, ही आता अडचण राहिली नाही, तेच हवं आहे. घड्याळ बघायला नको. गाणी संपली की चालणं संपलं.

परवा ती आली आणि म्हणाली, "गुरुवारचं बदल रे, शेवटचं गाणं लागेपर्यंत मी घराच्या फाटकापाशी पोचते. थोडं वाढव." मी तिच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून मग वाढवणार आहे. तोवर गुरुवारची फाइल आहे तशीच.

तुमच्यापैकी कुणी चालण्यासाठी, पळण्यासाठी काही वेगळी जुळवाजुळव केली असेल तर नेहमीच्या पत्त्यावर कळवा. विशेषतः जिममध्ये स्पीकरवर दुसऱ्याची गाणी चालू असताना आपली कशी ऐकायची, यावर मला अजून चांगलं उत्तर मिळालेलं नाही. भेटू पुढच्या भागात.